पपईच्या चिकाचं जेल: जखमेसाठी उपयोगी आहे का, हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं

पपईच्या चिकातलं पपेन, अननसाच्या खोडातलं ब्रोमेलेन, अंजिराच्या चिकातलं फिसिन. तिन्ही एन्झाइम प्रथिनं कापतात. मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्ची पपई चोळणाऱ्या घरांना हे सांगायची गरज नाही. जखमेवरचं मेलेलं, पिवळट, चिकट मांसही प्रथिनच असतं. ते कापून निघालं तर खालची जखम मोकळी होते, हा या जेलमागचा सगळा विचार.

फार्मसी आणि बायोटेकच्या कॉलेजांत हा विषय प्रोजेक्टसाठी लाडका आहे, कारण कच्चा माल स्वस्त आणि जेल बनवणं सोपं. पण असले बरेच रिपोर्ट चाळले की एक गोष्ट खटकते. पीएच मोजलेला असतो, घट्टपणा मोजलेला असतो, स्प्रेडेबिलिटीचा तक्ता असतो, जेलचा रंग आणि वासही लिहिलेला असतो. जेलमधलं एन्झाइम त्या दिवशी काम करत होतं का, एवढंच कुठे नसतं. खाली दिलेल्या पायऱ्या त्या एका प्रश्नाभोवती रचल्या आहेत. उदाहरण पपेनचं घेतलं आहे, ब्रोमेलेनसाठी तपशील थोडे बदलतील.

आधी मास्क

पपेनची पावडर बारीक असते आणि उडते. ती श्वासात गेली तर ॲलर्जी होते, काहींना दमा जडतो. एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे थोडीशी धूळही पुरते. म्हणून वजन करताना एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घालायचा, पंखा बंद ठेवायचा आणि शक्य असेल तर काम फ्यूम हूडमध्ये करायचं. रबराच्या हातमोज्यांची किंवा किवी, केळं, ॲव्होकॅडो यांची ॲलर्जी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं, कारण या ॲलर्जी एकमेकींशी जोडलेल्या असतात. सांडलेली पावडर झाडायची नाही, ओल्या कपड्याने टिपायची.

आणि हे जेल स्वतःच्या, मित्राच्या किंवा घरातल्या कुणाच्या जखमेवर लावून बघायचं नाही. अमेरिकेत पपेन असलेली मलमं मंजुरीशिवाय वर्षानुवर्षं विकली जात होती. तीव्र ॲलर्जी, रक्तदाब घसरणं, हृदयाचे ठोके वाढणं अशा तक्रारी आल्यावर तिथल्या औषध नियामक एफडीएने सप्टेंबर २००८ मध्ये ती बाजारातून काढायला लावली.

एन्झाइम कुठून आणायचं

पहिल्या प्रोजेक्टसाठी विकत घ्या. झाडाचा चीक स्वतः काढायचा मोह होतो, पण तो वेगळाच व्याप आहे. अडीच-तीन महिन्यांच्या हिरव्या फळावर सकाळी लवकर, साधारण ३ मिलिमीटर खोलीच्या उभ्या चिरा द्यायच्या. पातं स्टेनलेस स्टीलचं हवं, कारण लोखंड लागलं की चीक काळवंडतो आणि एन्झाइम बिघडतं. मग त्यात थोडं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालून ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर वाळवायचं. इतकं करून हाती येतो तो कच्चा चीक. त्यात पपेनबरोबर कायमोपपेन, कॅरिकेन अशी भावंडं असतात आणि प्रत्येक फळागणिक प्रमाण बदलतं. तुलना करायची असेल तर हे परवडत नाही.

विकत घेताना डबीवरचं एकक नीट वाचा. यूएसपी (अमेरिकी औषधसंहिता) दर्जाच्या पपेनमध्ये प्रति मिलिग्रॅम किमान ६,००० युनिट असावे लागतात. पण पुरवठादार टीयू (टायरोसिन युनिट), एमसीयू (दूध फाडण्यावरून मोजलेलं युनिट) अशी इतरही एककं छापतात. ती एकमेकांत सरळ बदलत नाहीत, कारण प्रत्येकाची चाचणी वेगळी आहे. डबीवरचा आकडा वहीत उतरवा, मग तो बाजूला ठेवा आणि तुमच्या पद्धतीने स्वतः मोजा. पावडर फ्रिजमध्ये, कोरडी, घट्ट झाकणात ठेवायची.

तीन बरण्या

एकच जेल बनवून त्याची तुलना बाजारातल्या मलमाशी करायची ही रूढ पद्धत. त्यातून फारसं काही कळत नाही. तीन जेल बनवा.

कोरं जेल: सगळं सारखं, फक्त एन्झाइम नाही.
मेलेलं जेल: तेवढंच एन्झाइम, पण आधी निकामी केलेलं.
जिवंत जेल: ज्याची परीक्षा घ्यायची आहे ते.

मेलेल्या जेलचा कंटाळा करू नका. जिवंत आणि मेलेलं यांच्यात फरक दिसला तरच तो एन्झाइमच्या कामाचा म्हणता येतो. बाकी सगळं जेलमधल्या ग्लायकॉलसारख्या द्रावकाचं, ओलाव्याचं किंवा प्रिझर्वेटिव्हचं असू शकतं. इथे एक खोच आहे. पपेन उष्णतेला चिवट असतं, ६० अंशांवर दहा मिनिटं ठेवून ते मरत नाही. द्रावण उकळत्या पाण्याच्या बाथमध्ये अर्धा तास ठेवा आणि मग दुधाच्या प्लेटवर (पुढे येते) खात्री करून घ्या. थोडी जरी पारदर्शक कड दिसली तर अजून उकळा.

जेलचा पाया

सवयीने सगळे कार्बोपॉल (जेल घट्ट करणारा कृत्रिम पॉलिमर) घेतात. मी तो पहिल्या निवडीत घेणार नाही. पपेनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो) ८.७ च्या आसपास आहे, म्हणजे पीएच ६ ते ७ ला त्यावर धन भार असतो. ट्रायइथेनॉलअमाइन घालून उदासीन केलेल्या कार्बोपॉलवर ऋण भार असतो. दोघं एकमेकांना धरून बसतात. जेल गढूळ होतं, एन्झाइम बाहेर पडायला कुरकुर करतं. शिवाय कार्बोपॉलला क्षार सोसत नाहीत: बफर ओतला की कालपर्यंत उभं राहणारं जेल सरबतासारखं पातळ होतं आणि विद्यार्थी आणखी कार्बोपॉल टाकत बसतात. एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रोपाइल मिथाइल सेल्युलोज) किंवा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज यांच्यावर भार नसतो. २ ते ३ टक्क्यांनी सुरुवात करा.

एचपीएमसी थंड पाण्यात टाकला की गोळे होतात. एकूण पाण्यातलं एक तृतीयांश पाणी ८० अंशांपर्यंत तापवा, त्यात पावडर भुरभुरत ढवळा, उरलेलं थंड पाणी घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी स्वच्छ, बुडबुड्यांविना जेल मिळतं. प्रिझर्वेटिव्ह गरम पाण्यातच विरघळवून घ्यायचं. एन्झाइम सगळ्यात शेवटी, जेल खोलीच्या तापमानाला आल्यावर, थोड्या बफरमध्ये विरघळवून, हळू हाताने मिसळायचं. जोरात घुसळून फेस काढू नका, हवेतला ऑक्सिजन या एन्झाइमचा शत्रू आहे.

त्याचं कारण पपेनच्या रचनेत आहे. २१२ अमिनो आम्लांच्या साखळीत २५ व्या जागेवर एक सिस्टीन आहे, त्यातला गंधकाचा टोकाचा गट हेच कापायचं हत्यार. ऑक्सिजन, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तांबं, पारा, चांदी यांसारखे धातू त्या गटाला चिकटले की हत्यार बोथट. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि काचेची कांडी वापरायची, आणि धातू पकडून ठेवायला ०.१ टक्का ईडीटीए घालायचं. पपेन आणि चांदीचे नॅनोकण एकाच जेलमध्ये घालायची कल्पना दर काही महिन्यांनी कुणाला तरी सुचते. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका परीक्षानळीत दोन्ही एकत्र करून बघा म्हणजे पुढचा मनस्ताप वाचेल.

एन्झाइम जागं ठेवायला काही जण सिस्टीन हायड्रोक्लोराइड घालतात. चालतं, पण पीएच खाली येतो, तो पुन्हा ६.५ ते ७ वर आणावा लागतो. काही आठवड्यांनी जेलमध्ये वाळूसारखे पांढरे कण दिसले तर बुरशी समजून फेकू नका, आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सिस्टीनचं ऑक्सिडेशन होऊन, दोन रेणू जोडले जाऊन सिस्टिन (वेगळा पदार्थ, ऱ्हस्व 'टि') तयार झालेलं असू शकतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

दुधाची प्लेट: सगळ्यात आधी, सगळ्यात स्वस्त

१ टक्का स्किम मिल्क पावडर, १.५ टक्के अगार. दूध आणि अगार वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करा. दूध जास्त तापलं तर तपकिरी होतं, म्हणून ते कमी तापमानाला आणि कमी वेळ ठेवायचं. ५० अंशांच्या आसपास एकत्र करून प्लेटमध्ये २० मिलिलिटर ओता. गार झाल्यावर ६ मिलिमीटरची भोकं पाडा. तिन्ही जेलचे सारख्या वजनाचे नमुने भरा. जेल भोकात भरताना खाली हवा अडकते, म्हणून पिपेटचं टोक कापून रुंद करा आणि तळापासून वर भरत या.

३७ अंशांवर काही तासांतच जिवंत जेलभोवती पारदर्शक कडं दिसू लागतं. त्याच्या बाहेरच्या काठाला कधी कधी भोवतालच्या दुधापेक्षाही पांढरी, दाट रेघ दिसते. पपेन दूध फाडतंही, ती रेघ फाटलेल्या केसिनची, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाची. मोजायचं ते आतलं स्वच्छ कडं. मेलेल्या आणि कोऱ्या जेलभोवती काहीच दिसता कामा नये. दिसलं तर पुढे जायचं नाही.

या कड्याच्या व्यासावरून 'इतके युनिट' असं लिहू नका. घट्ट जेलमधून एन्झाइम हळू बाहेर पडतं, त्यामुळे कडं लहान येतं. ही प्लेट फक्त हो की नाही एवढं सांगते.

केसिनची चाचणी: आकडा इथे मिळतो

तत्त्व साधं आहे. एन्झाइम केसिन कापतं, टायरोसिन असलेले छोटे तुकडे सुटतात, ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने न कापलेलं केसिन खाली बसवायचं आणि वरच्या द्रावणातलं टायरोसिन फोलिन अभिकर्मकाने निळं करून ६६० नॅनोमीटरला मोजायचं.

केसिन ०.६५ टक्के, ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.५. ते ८० ते ८५ अंशांना सुमारे १० मिनिटं ढवळत विरघळवा, उकळू देऊ नका. टायरोसिनचं स्टँडर्ड १.१ मिलिमोलर, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. तेही किंचित तापवल्याशिवाय विरघळत नाही. स्टँडर्ड कर्व्ह दरवेळी नवा काढा, मागच्या बॅचच्या मुलांचा उचलू नका.

जेलमधून एन्झाइम काढायला १ ग्रॅम जेल १० मिलिलिटर थंड बफरमध्ये हलवून सेंट्रिफ्यूज करा. आता ५ मिलिलिटर केसिन ३७ अंशांवर स्थिर होऊ द्या, त्यात १ मिलिलिटर अर्क घाला, बरोबर १० मिनिटांनी ५ मिलिलिटर ११० मिलिमोलर ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल. हे आम्ल कातडी जाळतं, तोंडाने पिपेट करायची जुनी सवय इथे अजिबात नको. अर्धा तास थांबून गाळा. गाळलेल्या २ मिलिलिटरमध्ये ५ मिलिलिटर अर्धा मोलर सोडियम कार्बोनेट आणि १ मिलिलिटर विरळ केलेलं फोलिन घाला, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि रीडिंग घ्या.

ब्लँक प्रत्येक नमुन्याचा वेगळा: आधी आम्ल, मग अर्क. नमुना तोच, पण कापायची संधी न मिळालेला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण फोलिन अभिकर्मक टायरोसिनशीच बांधील नाही. ते कुठल्याही फिनॉलवर निळं होतं. पॅराबेन हे प्रिझर्वेटिव्ह फिनॉल आहे. हळद, कडुनिंब, कोरफड यांच्या अर्कांत फिनॉल भरपूर. सिस्टीनचा गंधक गटही त्याला निळं करतो. 'हळद घातल्यावर पपेनची क्रिया वाढली' अशा निष्कर्षांपैकी काही या निळ्या रंगाचेच बळी असावेत, अशी मला दाट शंका आहे. अर्कांचं मिश्रण असेल तर निदान ब्लँक वजा करण्याआधीचे आकडेही तक्त्यात द्या, वाचणारा ठरवेल.

हिशेब असा. समजा कर्व्हवरून २ मिलिलिटर गाळलेल्या द्रावणात ०.०८ मायक्रोमोल टायरोसिन निघालं. एकूण घनफळ ११ मिलिलिटर, वेळ १० मिनिटं, एन्झाइम १ मिलिलिटर. म्हणजे ०.०८ गुणिले ११, भागिले (१ गुणिले १० गुणिले २), उत्तर ०.०४४ युनिट प्रति मिलिलिटर अर्क. अर्क दहापट विरळ केला होता, म्हणून जेलमध्ये प्रति ग्रॅम सुमारे ०.४४ युनिट. हे युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल टायरोसिन. यूएसपीचं युनिट मायक्रोग्रॅममध्ये आणि वेगळ्या परिस्थितीत मोजलेलं असतं, दोन्ही एका ओळीत मांडून तुलना करायची नाही.

जेल बनवताना जितकं एन्झाइम घातलं त्यातलं किती टक्के कामाचं उरलं, हा रिपोर्टमधला पहिला आकडा असायला हवा.

घट्टपणा, पीएच, पसरणं

हे करायचंच, पण दोन पानं नकोत. १ ग्रॅम जेल १० मिलिलिटर पाण्यात मिसळून पीएच. ब्रुकफिल्ड व्हिस्कोमीटरवर स्पिंडल आणि वेग नोंदवून व्हिस्कॉसिटी. दोन काचपट्ट्यांमध्ये ठराविक वजन ठेवून पसरणं. पुरे.

जेलमधून बाहेर पडतं का

फ्रान्झ सेलमध्ये (मधे पडदा असलेलं दोन कप्प्यांचं भांडं) बाहेर पडण्याचा वेग मोजतात, ३२ अंशांवर, कारण त्वचेचं तापमान तेवढं असतं. सगळ्यात जास्त वाया जाणारी मेहनत इथे बघितली आहे. लहान रेणूंच्या औषधांसाठी वापरतात ती १२,००० ते १४,००० डाल्टनची डायलिसिस पिशवी पपेनसाठीही लावली जाते. पपेनचं वजन सुमारे २३,४०० डाल्टन. ते तिथून जाणारच नाही. आठ तास नमुने घेऊन शून्य येतं आणि दोष जेलवर जातो. ०.४५ मायक्रॉनची सेल्युलोज ॲसिटेटची पातळ चकती घ्या. आणि बाहेर आलेलं द्रव्य प्रथिन म्हणून मोजू नका, केसिनवर तपासा.

मेलेलं मांस निघतं का

ही या जेलची खरी परीक्षा. घरच्या साधनांतला मार्ग: उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे सारखे तुकडे, टिपून वजन केलेले, तिन्ही जेलमध्ये बुडवून ओलसर डब्यात ३७ अंशांवर. ठराविक तासांनी जेल पुसून वजन. जेल पाणी शोषतं किंवा सोडतं, म्हणून कोऱ्या जेलमधल्या तुकड्याचं वजनही बदलतं, ते धरूनच फरक काढायचा. एक पायरी वर जायचं तर फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन मिसळून फायब्रिनची (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाची) प्लेट करा. जखमेवरच्या पिवळ्या थरात फायब्रिन असतं, त्यामुळे ती दुधाच्या प्लेटपेक्षा विषयाला जवळची. पपेन एकटं वापरलं तर घट्ट थरावर मंद पडतं. म्हणून मलमांमध्ये त्याबरोबर युरिया घालत, युरिया प्रथिनांची घडी सैल करतो. युरिया घालणार असाल तर चौथी बरणी लागेल: युरिया आहे, एन्झाइम नाही.

पेशींवर

एल-९२९ किंवा थ्रीटीथ्री (दोन्ही उंदराच्या फायब्रोब्लास्ट) पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मिळतात. आयएसओ १०९९३-५ नुसार जिवंत पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर पदार्थ विषारी धरतात. एमटीटी चाचणी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी) सगळ्यांना येते, पण प्रोटिएजच्या, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमच्या, बाबतीत ती फसवते. पपेन ट्रिप्सिनसारखं पेशींना तळापासून सोडवतं. सुटलेल्या पेशी धुण्यात निघून जातात आणि रीडिंग 'मेल्या' म्हणतं. धुण्याआधी प्लेटमधल्या प्रत्येक वेलचा (खळग्याचा) फोटो काढा. गोल होऊन तरंगणाऱ्या पेशी वेगळ्या मोजा, ट्रिपान ब्लूने जिवंत-मृत बघा. माध्यमात सीरम असेल तर त्यातले इनहिबिटर एन्झाइमला बांधून ठेवतात हेही लक्षात असू द्या, सीरमसह आणि सीरमविना दोन्ही करा.

स्क्रॅच चाचणीत पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने रेघ ओढून ती किती तासांत भरते हे बघतात. इमेजजे या सॉफ्टवेअरवर क्षेत्रफळ मोजता येतं. फोटो छान येतात, म्हणून सगळ्यांना हीच हवी असते. पण रेघ भरली म्हणून जखम भरली असं होत नाही. त्या थरात मेलेलं मांस नाही, जंतू नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. जे एन्झाइम पेशी सोडवतं त्याच्यामुळे रेघ रुंद झालेलीही दिसू शकते, त्याने जेल वाईट ठरत नाही.

जंतूंविरुद्धची वेल डिफ्यूजन चाचणी करणार असाल तर कोऱ्या जेलचं वर्तुळ आधी मोजा. बहुतेक वेळा तिथे पॅराबेन बोलत असतं.

प्राणी

पहिल्या प्रोजेक्टमध्ये नको. करायचंच तर संस्था सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती) नोंदलेली हवी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी कामाआधी हाती हवी, नंतरची तारीख चालत नाही. शिवाय उंदराची कातडी सैल असते, जखम बरीचशी आकसून मिटते, माणसाची तशी मिटत नाही. प्राथमिक दाह बघायला नऊ दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्याच्या पडद्यावरची हेट-कॅम चाचणी आहे, ५ मिनिटांचं निरीक्षण.

टिकतं किती

तीन वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या तीन बॅच घ्या. एका बॅचच्या तीन डब्या म्हणजे तीन बॅच नव्हेत. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, खोली, आणि २ ते ८ अंश, असे तीन ठिकाणी ठेवा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला केसिनची चाचणी. पाण्यात असलेलं प्रोटिएज स्वतःलाही कापतं, त्यामुळे जेल दिसायला ताजं आणि आतून रिकामं, असं सर्रास होतं.

भाजलेल्या जखमांसाठीचं ब्रोमेलेनयुक्त नेक्सोब्रिड युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. त्यात एन्झाइमची पावडर वेगळी आणि जेल वेगळं येतं. लावायच्या जरा आधी दोन्ही मिसळतात आणि ४ तासांनी काढून टाकतात. तुमचं जेल महिन्याभरात निम्मं थंडावलं तर तुम्हीही तसंच करून बघा: कोरं जेल एका ट्यूबमध्ये, पावडर लहान बाटलीत, मिसळल्यावर शून्य मिनिट, एक तास, चार तास असे नमुने.

रिपोर्टचं शीर्षक शेवटी ठरवा. केसिन, फायब्रिन आणि पेशी एवढंच केलं असेल तर 'पपेन जेलची प्रथिनविघटन क्षमता, स्थिरता आणि पेशींवरील परिणाम' असं लिहा. 'जखम भरणारं जेल' हे शब्द गाइडनी आग्रहाने घालायला सांगितले, तरी एक्सटर्नलसमोर त्यांचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.